लेक १८ पूर्ण झाली, आणि अजूनही कमीच बोलते

मुठाकाठची
धागा काढायचं कारण एकच, मला खूप अभिमान वाटतोय आणि घरातल्या सगळ्यांना सांगून झालं, आता इथे सांगायचंय. मोठी लेक या महिन्यात १८ पूर्ण झाली. लहानपणापासून शांत. म्हणजे आजारी नाही, भित्री तर अजिबातच नाही, फक्त लागेल तेवढंच बोलणारी. बालवाडीपासून प्रत्येक पालकसभेत एकच वाक्य ऐकत आले, 'हुशार आहे हो, पण बोलत नाही'. लग्नाकार्यात गेलं की 'हिला जरा बोलतं करा', 'गप्प का गं, रुसलीस का'. ती रुसलेली नसायचीच. ती ऐकत असायची आणि रात्री अंथरुणात पडल्यावर कोणत्या मावशीचा चेहरा कशाने उतरला, कोणत्या काकांना पंगतीत भात वाढायचा राहिला, हे सगळं मला बरोब्बर सांगायची.

अकरावीत असताना कॉलेजात मॅडमनी विचारलं की बारावीच्या एका अंध मुलीला बोर्डाच्या पेपरला लेखनिक हवी आहे (सगळे रायटरच म्हणतात), कोण बसेल. हिने हात वर केला. आम्हाला संध्याकाळी जेवताना कळलं, तेही 'आई मार्चपर्यंत मला दुपारी थोडा वेळ लागेल' एवढंच. मला आनंद झाला पण एक शंका पण आली की रायटरला नुसतं लिहायचं नसतं, अख्खी प्रश्नपत्रिका मोठ्याने वाचून दाखवायची असते, परत विचारलं की परत वाचायची, लिहिलेलं उत्तर वाचून दाखवायचं. आणि ही तर वर्गात हजेरी सुद्धा हळू देणारी.

मग ती मुलगी आमच्याकडे सरावाला यायला लागली आणि मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. अहो, काय वाचते ती! स्पष्ट, एका लयीत, घाई नाही. कोष्टक आलं तर आधी सांगायची किती रांगा किती रकाने, मग रांगेरांगेने वाचायची. तिकडून उत्तर यायला वेळ लागला तर ही गप्प. 'हं, मग?' नाही, 'सुचत नाहीये का' नाही, पेनचा चाळा नाही. समोरची विचार करतीये तोवर ही खुशाल थांबून राहू शकते, आणि त्या थांबण्यात तिला काही अवघड वाटत नाही कारण ती तिचीच जागा आहे. ज्यांना शांतता सोसत नाही ना, त्यांना हे काम जमत नाही, हे मी नंतर दुसऱ्या मुलांना बघून सांगते.

वेळेचं सांगते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. तासाला २० मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तास चालतो. ४ तास दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याचं वाक्य, एक काना पण स्वतःचा घालायचा नाही. उत्तर चुकतंय हे कळत असलं तरी चेहऱ्यावर, आवाजावर काही येऊ द्यायचं नाही. हिचं इतिहास चांगलं आहे, तिला कळायचंच. मी विचारलं, राहवतं कसं गं? म्हणाली, 'पेपर तिचा आहे.'

आता तिने बऱ्याच जणांचे पेपर लिहिलेत, बारावीनंतर पदवीच्या मुलांचे पण. १८ झाल्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ स्वतः ऑनलाइन भरला, बँकेत अल्पवयीन खात्याचं नेहमीचं खातं करून नवीन सही देऊन आली. बाबा गाडी काढत होते, तर म्हणाली तुम्ही बसा, मी जाते. गेली आणि करून आली. बस, इतकंच आहे, पण मला इतकं भरून आलंय की काय सांगू. अशी शांत मुलं ज्यांच्या घरात मोठी झाली त्यांनी लिहा ना, वाचायला आवडेल.

गोदातीर
ताई अभिनंदन!! लेकीला शुभेच्छा सांगा. आमचा मुलगा असाच, आता २० चा आहे. मुलींना निदान 'गुणी आहे, शांत आहे' तरी म्हणतात हो, मुलगा शांत असला की लोक लगेच 'घुम्या आहे', 'व्यवहाराला कच्चा राहणार' सुरू करतात. आमच्या गावाकडे तर पारावर बसून चार माणसांत मोठ्याने बोलता आलं म्हणजे पोरगं कर्तं झालं असंच धरतात. याने दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड घेतला, २ वर्षांचा असतो, आणि आता अप्रेंटिस आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या विहिरीवरची मोटर सारखी ट्रिप होत होती, दोघे वायरमन येऊन गेले, एक म्हणाला मोटर जळत आलीये रिवाइंडिंग करा, दुसरा म्हणाला स्टार्टर बदला. आमचं पोरगं गेलं, काही न बोलता पेटीशी बसून राहिलं, मोटर चालू केली बंद केली परत चालू केली, कान लावून ऐकत होता नुसता. मग म्हणाला एक फेज मधूनच जातोय, खांबावरचा जोड सैल आहे. लाइनमनला बोलवून बघितलं तर तेच निघालं. शेजारच्या आबांनी सगळ्यांदेखत त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला जे वाटलं ते तुम्ही लिहिलंय तसंच काहीतरी असणार.

पांढरी_काठी
मी जन्मांध आहे, बँकेत नोकरी करतो, हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून वाचतोय आणि टाइप करतोय. ताई, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी दहावीपासून बँकेच्या परीक्षेपर्यंत किती रायटर पाहिले त्याची गणती नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो कारण डोळस लोकांना यातलं फार कमी माहीत असतं.

रायटर हुशार असून भागत नाही. बडबड्या रायटर म्हणजे आमचं नुकसानच, आणि गंमत म्हणजे ते बिचारे चांगल्या मनाने करत असतात. मी वाक्य जुळवत असतो तेवढ्यात 'झालं का दादा?', 'पुढचा घेऊ का?' आणि माझं वाक्य गेलं. तुम्ही लोक कच्च्या कागदावर चार ओळी खरडता, खोडता, बाण काढता. आमचा कच्चा कागद डोक्यात. बँकेच्या पूर्व परीक्षेत १०० प्रश्न ६० मिनिटांत असतात, आम्हाला वाढीव धरून ८० मिनिटं. त्यात रीझनिंगचं कोडं येतं, आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत, अमुक तमुकच्या डावीकडे तिसरा, तमुक समोर तोंड करून नाही वगैरे. हे आठही जण मला डोक्यात बसवायचे असतात आणि रायटरने तेच कोडं तीनदा, त्याच वेगात, त्याच सुरात वाचायचं असतं. तिसऱ्यांदा वाचताना आवाजात जरासा कंटाळा आला ना की माझ्यासारखा माणूस चौथ्यांदा वाचायला सांगत नाही, संकोचतो आणि प्रश्न सोडून देतो. तसे सुटलेले मार्क मला अजून आठवतात.

माझी पहिली बँकेची परीक्षा एका बी.कॉम.च्या मुलाने लिहिली, तो पण असाच, दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा. आत जाण्याआधी त्याने एवढंच विचारलं, 'पर्याय वाचताना आकडा आधी सांगू की उत्तर आधी?' हा प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता. त्या परीक्षेत मी पास झालो. नोकरी लागल्याचा पहिला फोन आईला केला आणि दुसरा त्याला, तर तिकडून 'अरे वा' आणि मग बराच वेळ काही नाही, पण मला त्याचा आनंद पूर्ण ऐकू आला. डोळस माणसाला शांत माणूस रिकामा वाटत असेल, आम्हाला नाही वाटत. श्वास, खुर्चीची हालचाल, थांबणं, सगळ्यातून माणूस कळतो.

रोखठोक
अभिनंदन आहेच, पण थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. जग बोलणाऱ्यांचं आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूत ग्रुप डिस्कशन असतं, ऑफिसात काम एकाने केलं आणि मीटिंगमध्ये मांडलं दुसऱ्याने की नाव दुसऱ्याचं होतं, हे मी रोज बघतो. आई-बापांनी शांतपणाचं फार कौतुक केलं तर मुलं तिथेच राहतात. वक्तृत्व, नाटक, एनसीसी, काहीतरी लावलंच पाहिजे.

मुठाकाठची
राग कशाला मानायचा, तुमचं ऑफिसातलं निरीक्षण खरंच आहे, माझ्या नवऱ्याच्या बाबतीत तेच होतं. पण मी जे लिहिलं ते परत वाचा, ती ४ तास मोठ्याने वाचते, अनोळखी पर्यवेक्षकांशी बोलते. एकदा त्या मुलीला वाढीव वेळ द्यायला खोलीतले सर तयार नव्हते, पेपर गोळा करायला लागले, तेव्हा हिने उभं राहून सांगितलं की सर यांना वेळ अजून शिल्लक आहे, तुम्ही कृपया केंद्रसंचालकांना विचारून या, तोवर आम्ही लिहितो. आवाज चढवला नाही, बसून परत लिहायला घेतलं. ते सर गेले, विचारून आले, वेळ मिळाला. हे मला तिने नाही, त्या मुलीने फोनवर सांगितलं. तर बोलायचं तिथे बोलता येतं तिला. उगीच बोलता येत नाही, आणि ते मला शिकवायचंही नाही. नाटकात घालायला हरकत काहीच नाही, मुलाला हवं असेल तर. बोलणं वाढावं म्हणून जबरदस्तीने स्टेजवर उभं करणं मला कधीच पटलं नाही आणि आता तर अजिबात पटत नाही.

वाचा_उपचार
मी स्पीच थेरपिस्ट आहे. धागा वाचून फार छान वाटलं, फक्त एक गोष्ट लिहून ठेवते कारण इथे लहान मुलांचे पालक पण वाचत असतील. शांत स्वभाव आणि बोलण्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंची मुलगी गरज पडली की बोलते, अनोळखी माणसाशी पण बोलते, तिच्या गप्प राहण्याने तिचं काही अडत नाही, तो स्वभाव झाला. पण मूल घरी भरभरून बोलतं आणि शाळेत महिनाभराहून जास्त काळ एक शब्दही बोलत नाही, शू लागली तरी बाईंना सांगता येत नाही, असं असेल तर त्याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात आणि तो हट्ट नसतो, चिंतेचा प्रकार असतो. मुलाची इच्छा असते पण आवाज फुटत नाही. शाळा सुरू झाल्यावरचा पहिला महिना यात धरायचा नाही कारण तेव्हा पुष्कळ मुलं बुजतात. आणि लहान मूल हाकेला ओ देत नसेल, शब्द उशिरा येत असतील तर सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या, 'आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. 'बोललास तर चॉकलेट देईन', 'काकांना नमस्कार म्हण, म्हण ना' असं चारचौघांत केलं की चिंता वाढतेच. मदत लवकर मिळाली तर ही मुलं खूप छान सुधारतात.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे मुलगा गेल्या वर्षी १८ झाला. इथल्या शाळेत बऱ्याच विषयांना वर्गात बोलण्याचे मार्क असतात, हात वर करून चर्चेत भाग घेतला की मिळतात, त्यामुळे पेपरात चांगले मार्क असून याचं ग्रेड दर वेळी थोडं खाली यायचं. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे हा कमीच बोलणारा, तर एका टीचरला वाटलं की इंग्रजी येत नसेल. इथेच जन्मलेला मुलगा! मग त्याच टीचरने त्याचे निबंध वाचले आणि पुढे त्याच्यासाठी कॉलेजचं शिफारसपत्र लिहिलं.

१८ झाल्यावर इथे काय होतं ते सांगतो. त्याचे मार्क कॉलेज आम्हाला सांगत नाही, त्याची लेखी परवानगी लागते. डॉक्टर सुद्धा आमच्याशी परस्पर बोलत नाहीत. आधीच कमी सांगणारा मुलगा, त्यात कायदा पण त्याच्या बाजूने, बायकोला फार काळजी वाटत होती. तर हा थँक्सगिव्हिंगला घरी आला आणि परवानगीचे फॉर्म स्वतःच भरून, सही करून टेबलावर ठेवले, म्हणाला 'तुम्ही विचारणार नाही मला माहितीये, पण आईला झोप लागणार नाही.' आजीशी मात्र दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बसतो, आजीला आता ऐकू कमी येतं, ती बोलते आणि हा ऐकतो, दोघांचं मस्त जमतं.

निवृत्त_काका
सर्वांचे प्रतिसाद वाचले. फॉर्म ६ चा उल्लेख आला म्हणून आठवलं, आमच्या तरुणपणी मतदानाचं वय २१ होतं. ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९८९ पासून १८ झालं, त्याच वर्षअखेरीच्या लोकसभेला माझ्या धाकट्या भावाने पहिलं मत दिलं, एकोणीस वर्षांचा होता. तोही असाच मितभाषी. आमचे वडील गावात मोठे बोलके, कोणाला मत द्यायचं हे घरी सगळ्यांना सांगून ठेवत. भाऊ मान हलवायचा. मतदान करून आल्यावर वडिलांनी विचारलं, दिलंस ना सांगितलं तिथे? तर म्हणाला, 'अण्णा, ते गुप्त असतं.' आमचे अण्णा क्षणभर काही बोलले नाहीत आणि मग हसले, आणि पुढे आयुष्यभर ज्याला त्याला हा किस्सा अभिमानाने सांगत राहिले. भाऊ पुढे तलाठी झाला, सात-बाराच्या कटकटी घेऊन लोक यायचे, सगळं ऐकून घ्यायचा, म्हणून लोकांना तो आपला वाटायचा.

तुमच्या मुलीला पहिल्या मतदानासाठी माझे आशीर्वाद.

नवी_वाचक
मी पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा अकरावीत आहे, लातूरला. फार शांत आहे. धागा वाचून मी त्याला मोबाइल दिला, त्याने सगळा वाचला आणि म्हणाला हे मला जमेल असं वाटतं. हे वाक्य तो स्वतःहून बोलला! तर ताई आणि पांढरी_काठी दादा, सुरुवात कशी करायची सांगाल का? कुठे नाव द्यायचं? आणि फॉर्म ६ ला १८ पूर्ण लागतात का, माझी भाची सतराची आहे.

पांढरी_काठी
जमेल, नक्की जमेल. आधी घरी रोज पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायला सांगा, समोर कुणीतरी डोळे मिटून बसा आणि कुठे कळलं नाही ते सांगा. आकडे, कंस, स्वल्पविराम हे सुद्धा ऐकणाऱ्याला कळले पाहिजेत. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग परीक्षार्थीने सांगितलं तर तेच लिहायचं, चुकलेलं असलं तरी. मग ज्याचा पेपर लिहायचा त्याच्याशी परीक्षेआधी दोन-चार बैठका कराच, आवाजाची सवय दोघांनाही व्हावी लागते. रायटरचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालचं असावं लागतं, त्या त्या परीक्षेचा नियम आधी वाचा, बोनाफाइड, ओळखपत्र, फोटो तयार ठेवा. ऐनवेळी कागद अपुरे पडले तर त्रास परीक्षार्थीला होतो.

मुठाकाठची
नवी_वाचक ताई, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला, ती हसली आणि म्हणाली त्याला सांग की पेन चांगलं चालणारं घे आणि दोन जास्तीची ठेव, हात खूप दुखतो, मधेमधे बोटं मोकळी करायला परीक्षार्थीला सांगूनच थांब, न सांगता थांबलं तर त्यांना कळत नाही काय झालं ते.

नाव त्याच्याच कॉलेजात देता येतं, प्राचार्यांना भेटा, दिव्यांग विद्यार्थी कुठल्या कॉलेजात आहेत हे त्यांना माहीत असतं. जवळपास अंधशाळा असेल तर तिथे विचारा, त्यांना रायटर कायमच हवे असतात. फॉर्म ६ चं असं की आता वर्षातून चार पात्रता तारखा (ज्या तारखेला १८ पूर्ण असावे लागतात) आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि १७ पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो, भाचीला आत्ताच भरायला सांगा.

आणि अकरावीच्या मुलांच्या स्वतःच्या परीक्षा आणि बारावीचे बोर्डाचे पेपर जवळजवळच येतात, त्यामुळे फेब्रुवारीत रायटरसाठी फार धावाधाव होते. तो खरंच बसणार असेल तर दिवाळीची सुट्टी संपली की लगेच सांगून ठेवा, म्हणजे सरावाला वेळ मिळेल. लेक म्हणतेय की काही अडलं तर त्याने तिला मेसेज करावा, फोन नको, मेसेज. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.